पडकी घरं, गढ्या, देवळं: जायच्या आधी फोटोत नीट कशी ठेवायची

दरवर्षी पाऊस लागला की आपल्या विदर्भात कुठल्या ना कुठल्या गावात एखादं जुनं घर बसतेच. मातीची भिंत आठ दिवस पाणी पिते आणि मग एका रात्री ओसरीसकट खाली येते. सकाळी अख्खं गाव पाहायला जमते, व्हॉट्सॲपवर ढिगाऱ्याचे फोटो फिरतात, पण घर उभं असतानाचा एक फोटो मागून पाहा, कोणाकडेच नसतो. आणि ज्या पोरांकडे चांगला मोबाईल आहे ते काय काढतात, तर संध्याकाळच्या उन्हात एक तुटकी खिडकी, तिच्यात कबुतर, वरून काळापांढरा इफेक्ट आणि खाली दोन ओळी शायरी. फोटो छान असतो, नाही म्हणत नाही, पण त्यावरून जिना कुठून होता, छत कशाचं होतं, घर कोणाचं आणि गाव कोणतं यातलं काहीच कळत नाही. माझं सरळ म्हणणं आहे की आठवण टिकवायची असेल तर फोटो थोडा कंटाळवाणा काढा. समोरून, सरळ, मापासकट, आणि नावगाव लिहून. शायरीवाला नंतर काढा, त्याला कोण अडवते.

आधी कशाचे काढायचे

मार्कंडा, लोणारचं दैत्यसूदन, नरनाळा, गाविलगड यांचे फोटो भरपूर आहेत. मार्कंड्याला तर १८७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचा इंग्रज अधिकारी कनिंगहॅम येऊन सगळी टिपणं करून गेला. अशा ठिकाणी खुशाल फिरायला जा (संरक्षित स्मारकात ट्रायपॉड किंवा ड्रोन लावायचा तर परवानगी लागते हे ध्यानात ठेवा), पण मेहनत तिथे घालू नका. मेहनत अशा वास्तूंवर घाला ज्यांना कोणी स्मारक म्हणतच नाही. पाटलाची पांढऱ्या मातीची गढी, धाब्याची घरं, देशी कवेलूंची (कौलांची) घरं, मोटेची विहीर आणि तिची बैलांची धाव, बंद पडलेल्या जिनिंगचं धुराडं, जुनी मराठी शाळा, शकुंतला रेल्वेच्या लाईनवरची छोटी छोटी स्टेशनं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, गाडी बंद आहे, तिकीटघरांची दारं-खिडक्या लोक काढून नेतात, तिथे दोन वर्षांनी गेलात तर काय शिल्लक असेल सांगता येत नाही.

यातही नंबर लावा. ज्या घरी घरकुल मंजूर झालं ते पहिलं. घरकुलाच्या कामात ॲपवर राहत्या जुन्या घराचा आणि नव्या जागेचा जिओटॅग फोटो घेतातच, म्हणजे कित्येक मातीच्या घरांचा आयुष्यातला एकमेव फोटो सरकारी फायलीत आहे, आणि त्यातही घरमालक ताठ उभा आणि मागे अर्धं दार. त्याच दिवशी तुम्ही अर्धा तास जाऊन अख्खं घर टिपू शकता. दुसऱ्या नंबरवर रस्तारुंदीत येणारी आणि भावांच्या हिश्श्यात पाडली जाणारी घरं. तिसरं म्हणजे बुडीत क्षेत्र किंवा पुनर्वसन. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, पाणी यायला कितीतरी वर्षं लागली, एवढ्या वेळात गावंच्या गावं घरोघर टिपून होऊ शकली असती. मेळघाटातून, ताडोब्यातून गावं उठली तेव्हाही तेच.

लंडनमध्ये १८७५ ला ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराय पाडणार असं कळल्यावर काही लोकांनी एकत्र येऊन तिचे फोटो काढवून घेतले, आणि मग १८८६ पर्यंत जुन्या लंडनचे असे १२० फोटो केले. सराय वाचली नाही, पण आजही ती कशी होती हे गॅलरीच्या कठड्यासकट दिसते. आपल्याला १२० ची गरज नाही, एका गावातली दहा घरं नीट झाली तरी लय झालं.

परवानगी, आणि गुप्तधनाचा संशय

हे वगळून सरळ कॅमेरा काढलात तर मार खाल. आपल्याकडे गढीच्या आसपास कोणी अनोळखी माणूस टेप आणि बॅटरी घेऊन फिरताना दिसला की पहिला विचार गुप्तधनाचा, आणि तो विचार अगदीच खोटा नाही, अमावस्येला खोदणारे असतातच. म्हणून गावातला एक ओळखीचा माणूस सोबत घ्या, पोलीस पाटलाच्या कानावर घाला, दिवसाउजेडी जा. दुसरा संशय भाऊबंदकीचा. घराची केस चालू असली तर तुमचा फोटो कोर्टात कोणाच्या बाजूने जाईल याची त्यांना धास्ती असते. सगळ्या हिस्सेदारांना विचारा, एकजण जरी नको म्हणाला तर बाहेरून रस्त्यावरून जेवढं दिसते तेवढं घ्या आणि निघा.

घरात माणसं राहत असतील तर आधी बसा, चहा घ्या. मोठ्या माणसाला विचारा, "काकाजी, तुमच्या घराचा फोटो काढून ठेवतो, पोरांना दाखवायला होईल, तुम्हाला पण मोठा करून देतो." देवघर, झोपायची खोली आणि बाया घरात काम करत असतील तो भाग, हे तेच म्हणतील तरच. आणि "मोठा करून देतो" म्हणाला असाल तर द्याच, नाहीतर पुढच्या माणसाला त्या गावात दार उघडत नाहीत.

पडक्या घरात एकटं जाऊ नका. हातात काठी, पायात बूट. कोनाड्यात, कवेलूंच्या ढिगात घोणस असू शकते, बुरुजाला आग्या मोहोळ असलं तर अत्तर लावून जाऊ नका आणि खाली शेकोटी तर नकोच. माडीवर चढायचं झालंच तर आधी खालून बॅटरी मारून छताच्या लाकडी कड्या पाहा, उदई (वाळवी) लागलेली कडी बाहेरून सागवानच दिसते पण बोट दाबलं तर आत जाते. पाऊस थांबून दोन दिवस झाले म्हणून मातीच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, ती उन्हात वाळतानाही भेगाळून बसते.

सामान आणि मोबाईलची सेटिंग

मोबाईल पुरे. पॉवरबँक, बॅटरी, वही, ३० मीटरचा टेप, आणि एक पट्टी. ही पट्टी महत्त्वाची आहे. सुताराकडून एक मीटरची सरळ लाकडी पट्टी घ्या, दर दहा सेंटिमीटरला एक पट्टा लाल, एक पांढरा रंगवा. ऑइलपेंटने रंगवलेली वर्षानुवर्षं चालते. ही पट्टी भिंतीला टेकवून उभी केली की पुढे पन्नास वर्षांनी कोणीही त्या फोटोवरून दाराची उंची काढू शकतो. बारीक नक्षीसाठी शाळेची फुटपट्टी. ती पण विसरलात तर दहा रुपयाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असते.

मोबाईलमध्ये ग्रिड चालू करा, लोकेशन चालू, रिझोल्यूशन सगळ्यात मोठं, ब्युटी आणि फिल्टर सगळं बंद. लेन्स शर्टाच्या सुती कापडाने पुसा, अर्धे धूसर फोटो तेलकट बोटांमुळे येतात. ०.५ वाली वाइड लेन्स मोह पाडते, अख्खा वाडा एका फोटोत बसतो, पण कडेचे खांब वाकडे आणि लांबट दिसतात. नोंदीचा फोटो १ वरच काढा, ०.५ फक्त खोली एवढी लहान असेल की मागे सरकताच येत नाही तेव्हा. मोबाईल वर वाकवून काढलात की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात, त्यापेक्षा समोरच्या स्लॅबवर चढा, शेजारी नाही म्हणत नाहीत.

ऊन कुठून येते ते आधी पाहून ठेवा

पूर्वेची बाजू सकाळी, पश्चिमेची संध्याकाळी, हे सगळ्यांनाच माहीत आहे. दक्षिणेकडची भिंत डिसेंबर-जानेवारीत मस्त उजळते कारण सूर्य खाली असतो. अडचण उत्तरेच्या भिंतीची, हिवाळ्यात ती दिवसभर सावलीत. तिच्यासाठी एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा अगदी संध्याकाळी जा, तेव्हा सूर्य उत्तरेला सरकून उगवतो-मावळतो आणि तिरपं ऊन भिंतीवर येते. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर आपल्या भागात दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, पण तेव्हा एकतर ४५ डिग्री नाहीतर ढग.

एकंदरीत जानेवारी-फेब्रुवारी चांगलं, गवत वाळलेलं, तरवटा आणि घाणेरी बसलेली, भिंतीचा पाया दिसतो. पण घर पडायच्या बेतात असेल तर महिना पाहत बसू नका, मृगाच्या आधी जाऊन या. ढगाळ दिवस असला तर नाराज होऊ नका, आतल्या अंगणाचे फोटो ढगातच चांगले येतात, उन्हात अर्धं पांढरंफटक आणि अर्धं काळं होते.

क्रम

नेहमी एकाच क्रमाने काढा म्हणजे घरी येऊन कोणता फोटो कुठला हा गोंधळ होत नाही. सुरुवात वहीच्या पानापासून: पानावर गाव, तालुका, घराचं नाव, तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याचाच पहिला फोटो. मग लांबून, गल्लीसकट, शेजारच्या घरांसकट. घराची आठवण गल्लीत असते, नुसत्या दारात नाही. मग चारही बाजू समोरून, पट्टी लावून, मग चारही कोपरे तिरपे, दोन-दोन भिंती एकत्र दिसतील असे.

आत शिरलात की दारापासून उजव्या हाताने फिरत जा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, एक छताचा, एक जमिनीचा. छताचा फोटो सगळे विसरतात आणि घर पडते तेव्हा आधी छतच जाते. ओसरी, चौक, माजघर, बळद (धान्य साठवायची जागा), न्हाणी, मागचा कोठा, परसातली विहीर, सगळं. वहीत एक कच्चा नकाशा काढून कोणता फोटो कुठे उभं राहून काढला तिथे बाण करा, चित्रकला नसली तरी चालते.

मग जवळून. इथे वेळ द्या, कारण खरी माहिती इथेच आहे. खांबाखालचा दगडी तळखडा, खांब, त्यावरचे हस्त (तुळई पेलणारे लाकडी हात), तुळई, छताच्या कड्या, आणि कड्यांवर काय टाकलं आहे ते, फळ्या की बांबू की पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या). दाराची कडी, अडसर, त्याचं भिंतीतलं भोक. दिव्याची देवळी, तिच्यावर वर चढलेली काजळी. ती काजळी पुसू नका, दिवा कुठे ठेवत होते याचा तोच पुरावा आहे.

आणि जिथे भिंत फुटली आहे तिथे थांबा. लोक फुटका भाग टाळतात, पण आतलं बांधकाम दाखवणारी तीच एक जागा असते. एखाद्या फुटलेल्या भिंतीत खालून पाहिलं तर आधी दगडाची जोती, मग पांढऱ्या मातीचे थर, मधूनच कुडाचा भाग, त्यात तुराट्यांचे टोकं बाहेर आलेले, त्यावर शेणमातीचा गिलावा, आणि गिलाव्यावर रंगाचे पापुद्रे: सगळ्यात आत साधा चुना, मग नीळ घातलेला चुना दोन-तीनदा, मग पिवळा, आणि वर हल्लीचा डिस्टेंपर. पट्टी लावून हा एक फोटो तिरप्या उन्हात घेतला तर घर कितीदा रंगवलं, कुठे दुरुस्त केलं हे सगळं त्यात येते.

छप्पर देशी कवेलूंचं आहे की इंग्रजी कवेलूंचं तेही घ्या. इंग्रजी कवेलूच्या पाठीवर बहुतेकदा कारखान्याचा शिक्का असतो, लोखंडी गर्डरवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव उठवलेलं असते. ढिगातलं एक कवेलू उलटं करून फोटो घ्या, घराचं वय काढायला त्याची मदत होते.

हेमाडपंती देऊळ, वीरगळ आणि शिलालेख

वऱ्हाडात हेमाडपंती म्हणवणारी लहान देवळं पुष्कळ गावात आहेत, काही उभी, काहींचे दगड पिंपळाच्या पारावर रचलेले. चुना न वापरता खाचा करून दगडात दगड बसवलेला असतो, म्हणून त्या सांध्यांचे आणि खाचांचे फोटो घ्या. सुट्या दगडांचा आणि वीरगळांचा (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) प्रत्येकाचा वेगळा फोटो पट्टीसकट, आणि तो कुठे पडला आहे हे दाखवणारा एक लांबून. शेंदूर खरवडायचा नाही, पूजा चालू आहे.

शिलालेखावर खडू, पीठ, तेल काही घासायचं नाही. अक्षरं दिसत नसली तर संध्याकाळी अंधार पडल्यावर या आणि बॅटरी दगडाला अगदी चिकटून बाजूने धरा, उजेड घासून जायला पाहिजे. मोबाईल जागचा न हलवता एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, एकदा खालून असे फोटो घ्या. एका बाजूने न दिसणारी वेलांटी दुसऱ्या बाजूने दिसते. फ्लॅश समोरून मारलात तर सगळं सपाट.

सुट्या मूर्ती असतील तर एक पथ्य पाळा: ऑनलाइन टाकताना लोकेशन काढून टाका आणि फक्त तालुका लिहा. मूर्ती चोरणारेही फोटो पाहतात.

फोटोइतकंच महत्त्वाचं: सोबतची ओळ

बिनानावाचा फोटो दोन पिढ्यांनी कचरा होतो, हे कोणत्याही घरच्या जुन्या पेटीत पाहून घ्या. म्हणून त्याच दिवशी लिहा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) घर नंबर आणि बांधकामाचा प्रकार सापडतो, तो नंबर फायलीच्या नावात टाका. नाव असं: तारीख, गाव, घर नंबर, भाग, अनुक्रम. जसं "२०२५-०२-०९_गाव_घर११२_ओसरी_०३". वर्ष आधी लिहिलं की मोबाईल आपोआप क्रमाने लावतो.

मग म्हातारी माणसं. त्यांना "हे घर कधी बांधलं" विचारू नका, साल कोणाला आठवत नसते. "तुमचं लग्न झालं तेव्हा ही माडी होती का?" "महापुराच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं?" असं विचारा. छापलेला फोटो हातात देऊन विचारलं तर अजून चांगलं, बोट ठेवून सांगतात की इथे जातं होतं, इथून शेजारच्या काकूकडे जायची खिडकी होती. हे मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. ते ज्या भागाला जो शब्द वापरतात तोच लिहा, सपरी म्हणाले तर सपरी, ओसरी म्हणाले तर ओसरी.

जे आधीच पडलं त्याचं काय

जुने फोटो शोधा, पण घराचे म्हणून शोधू नका, कारण घराचा फोटो कोणी काढलाच नाही. पोळ्याचे शोधा. सजवलेली जोडी दारासमोर उभी करून फोटो काढायची पद्धत गावोगाव आहे, आणि बैलांच्या शिंगांमागे ओसरीचे खांब, जोत्याच्या पायऱ्या, दाराची चौकट सगळं येते. तान्ह्या पोळ्याचे तर अजून बरे, लाकडी बैल लहान असल्याने मागचं जास्त दिसते. लग्नाच्या मांडवाचे, शाळेच्या वर्गाचे ग्रुप फोटो, तालुक्याच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडच्या निगेटिव्ह, हे सगळं पाहा. घर नेमकं कुठे होतं हे कळत नसेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये मागच्या वर्षांची सॅटेलाइट चित्रं पाहता येतात, छपराचा आकार बऱ्याचदा सापडतो.

सापडलेला फोटो घरी घेऊन जायचा हट्ट करू नका, तिथेच कॉपी करा. स्कॅनर नेता आला तर ६०० डीपीआय, पासपोर्टएवढा लहान असेल तर १२०० डीपीआय, आणि टिफमध्ये सेव्ह करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वरून, फ्लॅश बंद. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेलाच राहतो, काचेसकट काढा. ओल्या कपड्याने पुसणं नाही. पाठीमागे काही लिहिलं असेल तर पाठीचाही फोटो.

आणि कृपा करून एआय ॲपमधून "क्लिअर" करून तोच मूळ म्हणून ठेवू नका. ते ॲप पुसट नक्षीच्या जागी स्वतःच्या मनाची नक्षी भरते, आजोबांचं नाकसुद्धा बदलते. करायचंच असेल तर वेगळी फाईल करा आणि नावात "एआय" लिहा.

जमलं तर त्याच जागेवर उभं राहून आजचा फोटो काढा. जुन्या फोटोत जवळची एक वस्तू आणि मागची एक वस्तू निवडा, जसं पाराचा कोपरा आणि देवळाचा कळस, आणि त्या दोन्ही जुन्यासारख्या एकमेकांवर येईपर्यंत डावीउजवीकडे सरका. मग पुढेमागे. जागा सापडते.

ठेवायचं कुठे

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की लहान होतो आणि आतली तारीख-लोकेशनची माहिती पण जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगल फोटोजमध्ये मूळ क्वालिटी निवडा. कॉपी तीन पाहिजेत: एक कॉम्प्युटरवर, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातेवाईकाकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह हा साठा नाही, तो नेण्याआणण्यासाठी.

१८५१ ला फ्रान्स सरकारने पाच फोटोग्राफर नेमून देशभरातल्या जुन्या वास्तू टिपल्या, आणि नंतर त्या निगेटिव्ह छापायच्या सोडून कपाटात ठेवून दिल्या. आपलं तसं होऊ नये म्हणून निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाका. तिथे टाकलेला फोटो नाव देऊन कोणीही वापरू शकतो, हे घरमालकाला आधी सांगा, आणि माणसांचे चेहरे असलेले टाकू नका. वर्णन मराठीतच लिहा, गाव-तालुका-जिल्हा पूर्ण.

प्रिंटही काढा. लंडनवाल्यांनी मुद्दाम कार्बन प्रिंट केले होते, रंग उडू नये म्हणून, आणि ते अजून टिकून आहेत. आपल्याला लॅबमध्ये चांगल्या फोटोपेपरवरची प्रिंट पुरते, घरच्या कलर प्रिंटरची नको. मागे मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नाही, तो पुढून उमटतो. चिकट पानांचे अल्बम टाळा, फोटो पिवळे पडतात आणि सुटत नाहीत. एक प्रिंट घरमालकाला, एक संच शाळेला, एक ग्रामपंचायतीला, आणि तो देताना पोच घ्या म्हणजे नंतर "आमच्याकडे नाही आलं" होत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत हार्डडिस्क लावून चारपाच फायली उघडून पाहायच्या. डिस्क पाचेक वर्षांची झाली की नवीन घेऊन सगळं त्यावर उतरवायचं, आणि जुनी फेकायची नाही, तिच्यावर तारीख लिहून ठेवून द्यायची.